कलमांचं दशक

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या रीफ क्लबातल्या, म्हणजे घरी प्रवाळं पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या, एका म्हाताऱ्याने आपली १८० गॅलनची टाकी मोडली. आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केलेला हा पेन्सिल्व्हेनियाचा माणूस आता लेकीकडे ॲरिझोनात राहायला गेला. जाण्याआधी निरोप घ्यायला न्यू जर्सीला माझ्या घरी आला आणि बुटांचं एक खोकं माझ्या हाती दिलं. आत नुसत्या चिठ्ठ्या. प्रवाळाचं नाव, कुणाकडून आलं, तारीख. निम्म्या चिठ्ठ्यांवर लिहिलंय, ‘हायब्रिड’. तो शब्द वाचला आणि जुनं दुखणं ठसठसायला लागलं.

या छंदातली माझी पहिली काही वर्षं सांगण्यासारखी नाहीत. खारं पाणी, तपकिरी शेवाळ, नायट्रेटच्या चाचण्या. आईला फोनवर म्हटलं, पोवळी पाळतोय, तर तिने विचारलं, “मंगळासाठी का रे?” भारतात असतो तर या भानगडीत पडलोच नसतो. तिथे २००१ पासून दगडी प्रवाळं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला.

खरा खेळ २००८ ते २०१८. सुरुवातीला आमच्याकडे २५० वॉटचे मेटल हॅलाइड दिवे होते. त्यांनी पाणी तापायचं, म्हणून चिलर, आणि मग विजेचं बिल बघून बायको तापायची. पुढे एलईडी आले. निळ्या उजेडात आमची प्रवाळं अचानक पेटल्यासारखी दिसायला लागली. यात जादू नाही. प्रवाळाच्या अंगात अशी प्रथिनं असतात, की ती निळा प्रकाश पितात आणि हिरवा, केशरी, लाल परत टाकतात. यातलंच एक लाल प्रथिन रशियन शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये मश्रूम प्रवाळातून वेगळं केलं, आणि आज जगभरच्या प्रयोगशाळा पेशी रंगवून बघायला त्याच्या घराण्यातली प्रथिनं वापरतात. आम्ही मात्र तोच गुण वापरून एकमेकांचे खिसे कापले.

कारण रंग दिसले की नावं आली. नावं आली की वंशावळी आल्या. इंचभर फांदी सिमेंटच्या चकतीवर चिकटवायची, काहीतरी भडक नाव द्यायचं, आणि सांगायचं की ही अमक्या-तमक्याच्या संकरातून निघालेली नवी रंगछटा. २०१२ मध्ये अशाच एका विक्रेत्याकडून मी दीडशे डॉलरला एक फांदी घेतली. हिरवं अंग, गुलाबी टोकं. “आमच्याच टाकीतला हायब्रिड,” तो म्हणाला. मी मान डोलावली. एवढे पैसे मोजल्यावर माणूस मान डोलावतोच.

वेंगुर्ल्याच्या काकांना स्काइपवर ती दाखवली. त्यांची हयात आंब्याच्या बागेत गेलेली. फांदी कशी कापतात, कशी लावतात, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अरे, ह्या तर छाटकलम झाला! संकर खंय?” वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातून नीलम आणि हापूसचा ‘रत्ना’ निघाला तो १९८१ मध्ये, आणि तोही मोहोराला हात लावून, कोयी रुजवून, फळाची वाट बघून. फांदी तोडून कुणी नवी जात काढत नाही. तोडलेली फांदी म्हणजे तेच झाड.

ते मनाला लागलं. म्हाताऱ्याकडे तशाच दिसणाऱ्या प्रवाळाची मोठी वसाहत होती, आठ वर्षांची, वेगळ्या नावाची. त्याने बोटभर तुकडा दिला. मी दोन्ही एकाच दगडावर शेजारीशेजारी चिकटवले. परकी प्रवाळं एकमेकांना भिडली की सीमेवर मारामारी होते, मधे पांढरी मेलेली रेघ उमटते. एकाच कलमाची असली तर बिनबोभाट एक होतात. दोन-अडीच महिन्यांत माझ्या टाकीत रेघ नव्हती. होतं ते एकच हिरवं अंग. विक्रेत्याला फोटो पाठवला, तर तो म्हणाला, तुमचा दिवा बरोबर नाही.

खऱ्या संकराला काय लागतं, ते आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. ॲक्रोपोरा, म्हणजे आमची ही फांद्यांची प्रवाळं, त्यांचा प्रत्येक पॉलिप, म्हणजे वसाहतीतला एकेक इवला जीव, नरही आणि मादीही, पण बहुतेकांचं स्वतःचं बीज स्वतःला चालत नाही. दुसऱ्या कलमाची वसाहत हवी, तीही त्याच रात्री पिकलेली. पाण्याचं तापमान वर्षभर ऋतूंप्रमाणे हलवावं लागतं, चंद्राच्या कला दिव्यांनी दाखवाव्या लागतात. मग पौर्णिमेनंतरच्या एखाद्या रात्री गुलाबी मण्यांसारखी बीजं वर तरंगतात. लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्स आणि मंडळींनी हे बंद टाक्यांत साधलं आणि २०१७ मध्ये चार ॲक्रोपोरा जातींची पद्धत छापली. ऑस्ट्रेलियात मॅडेलीन व्हॅन ओपन जातींचे संकर करतात ते उष्णता सोसणारी प्रवाळं मिळावीत म्हणून. रंगासाठी नव्हे. आई निळी, बाप गुलाबी म्हणून पोर जांभळं, असं रंगपेटीचं गणित तिथे चालतही नाही.

२०१८ मध्ये इंडोनेशियाने प्रवाळांची निर्यात थांबवली. वाटलं, आता तरी लोक घरी बीज धरायला बसतील. झालं उलटंच. होती त्याच कलमांचे भाव चढले. २०२० मध्ये समुद्रात वाढवलेला माल पुन्हा सुटला तोवर आमचा क्लब संपला होता. चर्चच्या तळघरात प्लास्टिकच्या पेल्यांतून फांद्यांची अदलाबदल करायचो, कॉफी फुकट, दुनियेच्या गप्पा. आता फोनवर लिलाव चालतो. निळाशार पडदा, उलटे मोजले जाणारे सेकंद, आणि ओरडणारा पोरगा. तो अजूनही ‘हायब्रिड’च म्हणतो. पद्धत छापून इतकी वर्षं झाली तरी त्याला चंद्र लागत नाही, एक्स-ॲक्टो चाकू पुरतो.

निरोपाच्या त्या दिवशी म्हातारा माझ्या टाकीसमोर बराच वेळ उभा राहिला. दोन तुकडे चिकटवलेला तो दगड आता ताटाएवढा झालाय. मी निळे दिवे बंद करून पांढरा लावला, रंग जरा उतरला. त्याने काचेवर बोट ठेवलं आणि विचारलं, यातला माझा तुकडा कुठला? मी डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मला दाखवता आला नाही.