सशाचे आतडे आणि पंच्याहत्तर वर्षांची चूक

‘मेल्याला पटकी आली’ ही शिवी आता फारशी कानावर पडत नाही. पटकी म्हणजे कॉलरा; आपल्या पणज्यांच्या पिढीला मात्र त्या शिवीचा अर्थ डोळ्यांनी पाहून ठाऊक होता. सकाळी शेतावर गेलेला धडधाकट माणूस दुपारी अंथरुणावर पडायचा. जुलाब थांबायचे नाहीत. डोळे खोबणीत जायचे, बोटांची कातडी पाण्यात फार वेळ भिजल्यासारखी सुरकुतायची, आवाज घोगरा व्हायचा आणि कधीकधी दिवस मावळायच्या आत सगळे संपायचे. गाव मरीआईला साकडे घालायचे, तिचा गाडा वेशीबाहेर लोटायचे. पुढचे गाव तो आपल्या वेशीवरून आणखी पुढे लोटायचे. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना कॉलऱ्याची सुई टोचून घ्यावी लागे, ही आठवण जुनी माणसे अजून सांगतात.

या रोगाचा जंतू १८८४ साली ओळखला गेला. पण तो जंतू माणसाला मारतो तरी कसा, याचे नेमके उत्तर मिळायला १९५९ साल उजाडावे लागले. हे उत्तर शोधणारा माणूस कलकत्त्याच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्र शिकवत होता. त्यांचे नाव शंभुनाथ डे.

जंतू सापडला, विष हरवले

फिलिप्पो पाचिनी या इटालियन वैद्याने १८५४ मध्येच फ्लॉरेन्समध्ये कॉलऱ्याने मेलेल्यांच्या आतड्यात हे वळणदार जंतू पाहिले होते. त्यांच्याकडे कोणी लक्ष दिले नाही. १८८३ च्या अखेरीस जर्मनीचे रॉबर्ट कॉख इजिप्तमार्गे कलकत्त्यात आले. स्वल्पविरामाच्या आकाराचा तो जंतू त्यांनी रुग्णांच्या आतड्यात पाहिला, वस्तीतल्या तळ्याच्या पाण्यातही पाहिला आणि १८८४ मध्ये कॉलऱ्याचे कारण म्हणून जाहीर केला. हा जंतू आतड्याच्या आतच राहतो, रक्तात शिरत नाही, तरी सगळे शरीर कोसळते. तेव्हा तो काहीतरी विष सोडत असला पाहिजे, असा अंदाजही कॉख यांनी बांधला होता.

अंदाज बरोबर होता, शोध मात्र भलत्याच वाटेने गेला. जंतू वाढवलेले पाणी गाळून ते प्राण्यांच्या कातडीखाली, शिरेत, पोटाच्या पोकळीत टोचून पाहण्यात आले. कॉलऱ्यासारखे काही होईना. कॉख यांचेच सहकारी रिचर्ड फायफर यांनी मग दाखवले की, मेलेल्या जंतूंच्या शरीरातही विष असते. ते खरेच होते. पण कॉलऱ्याचे विष म्हणजे हेच, असे धरून पुढच्या दोन पिढ्या त्यामागे लागल्या. त्यातच आणखी एक अडचण: मोठ्या प्राण्यांना माणसासारखा कॉलरा सहजासहजी होत नाही. ज्याला रोगच होत नाही त्या जनावरावर रोगाचा अभ्यास करायचा कसा?

हुगळीचा मुलगा

शंभुनाथ डे यांचा जन्म १ फेब्रुवारी १९१५ चा, हुगळी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला. वडिलांचा धंदा बेताचा, त्यामुळे शिक्षणाची सुरुवात शिकलेल्या काकांच्या आधाराने झाली. पुढची मजल शिष्यवृत्ती आणि एका सधन गृहस्थाने कलकत्त्यात दिलेली राहण्याची सोय यांच्या जोरावर. गरीब हुशार मुलांसाठी आपल्याकडे वार लावून जेवायची जी रीत होती, तिचीच ही बंगाली बहीण म्हणायची. १९३९ मध्ये ते कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले आणि प्राध्यापक बी. पी. त्रिवेदी यांच्या हाताखाली विकृतिशास्त्राकडे वळले.

१९४७ मध्ये ते लंडनला युनिव्हर्सिटी कॉलेज हॉस्पिटलच्या वैद्यकीय महाविद्यालयात रॉय कॅमेरॉन यांच्याकडे संशोधनाला गेले आणि १९४९ मध्ये पीएच.डी. घेऊन परतले. तिथले त्यांचे काम कॉलऱ्यावर नव्हते. ते होते मेंदूत साठणाऱ्या आणि फुप्फुसात भरणाऱ्या पाण्यावर. वरवर पाहता याचा कॉलऱ्याशी काय संबंध? पण दोन्हीकडे प्रश्न एकच: शरीरातले पाणी आपली जागा सोडून भलतीकडे का जाते? कलकत्त्यात परतल्यावर नीलरतन सरकार मेडिकल कॉलेजात त्यांच्यासमोर कॉलऱ्याचे रुग्ण येऊ लागले, तेव्हा हा प्रश्न त्यांच्या मनात तयारच होता, असे म्हणायला जागा आहे. आधी त्यांनी कॉलऱ्यात मूत्रपिंडे का निकामी होतात ते तपासले. मग नजर आतड्याकडे वळवली.

दोन गाठी आणि एक ससा

डे आणि त्यांचे सहकारी चटर्जी यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग आज वाचला तर तो इतका साधा वाटतो की, हा आधी कोणी का केला नाही असे मनात येते. खरे तर तसाच एक प्रयत्न परदेशात १९१५ च्या सुमारास झाला होता आणि विसरलाही गेला होता. डे यांनी तो स्वतंत्रपणे शोधला.

उपाशी ठेवलेल्या सशाला गुंगी देऊन पोट उघडायचे. लहान आतड्याचा काही इंचांचा तुकडा दोन्ही टोकांना रेशमी दोऱ्याने बांधून बंद करायचा. आतडे कापायचे नाही. रक्तपुरवठा चालू ठेवायचा. या बंद पिशवीत सुईने कॉलऱ्याच्या जंतूंचे थोडे द्रावण सोडायचे, पोट शिवायचे आणि दुसऱ्या दिवशी उघडून पाहायचे. शेजारच्या, जंतू न सोडलेल्या तुकड्यात काही नसायचे. जंतूंचा तुकडा मात्र पाण्याने फुगून टम्म झालेला असायचा, आणि ते पाणी असायचे कॉलऱ्याच्या जुलाबासारखे, तांदळाच्या धुवणासारखे.

एवढ्याने दोन गोष्टी साधल्या. मोठ्या सशाला कॉलरा होत नसला तरी त्याच्या आतड्याचा तुकडा कॉलऱ्याला उत्तर देतो, हे कळले. आणि विष शोधायची जागा कळली: शीर नव्हे, कातडी नव्हे, आतड्याची आतली बाजू.

हीच पद्धत वापरून १९५६ मध्ये डे यांनी जुलाबाच्या रुग्णांतले ई. कोलाय जंतू तपासले. माणसाच्या पोटात हे जंतू एरवी सुखाने नांदतात, पण त्यांचे काही वाणही आतड्यात पाणी भरतात असे दिसले. लहान मुलांचे आणि प्रवाशांचे जुलाब समजून घेण्यातले हे पहिल्या पावलांपैकी एक होते.

मग आला १९५९ चा प्रयोग. जंतू वाढवलेले द्रव इतक्या बारीक गाळणीतून काढले की त्यात एकही जिवंत जंतू राहू नये. ते जंतुविरहित पाणी बांधलेल्या आतड्यात सोडले. आतडे फुगले. म्हणजे जंतू हजर नसतानाही रोग घडला. घडवणारे विष जंतूने बाहेर सोडलेले होते. ३० मे १९५९ च्या ‘नेचर’मध्ये हा दोन पानांचा शोधनिबंध आला. कॉख यांच्या अंदाजाला पंच्याहत्तर वर्षांनी पुरावा मिळाला.

त्याच वर्षी परळला

या गोष्टीत मुंबईचाही वाटा आहे आणि तो सांगायला हवा. परळच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्त आणि हब्बू यांनी १९५५ मध्ये दाखवले होते की मोठ्या सशाला होत नसला तरी जेमतेम दहा-बारा दिवसांच्या सशाच्या पिलाला कॉलरा करता येतो. १९५९ मध्ये दत्त, पानसे आणि कुलकर्णी यांनी जंतूंपासून काढलेल्या विषानेच अशा पिलांना जुलाब लागतात हे नोंदवले. कलकत्ता आणि मुंबई, एकाच वर्षी, दोन वेगळ्या वाटांनी एकाच विषापर्यंत पोहोचले. ज्या संस्थेला कॉलऱ्याची लस १८९३ मध्ये भारतात टोचणाऱ्या वाल्देमार हाफकिन यांचे नाव आहे, तिथे हे घडावे यात एक औचित्यही होते.

एका विषाचे दोन फायदे

१९६९ मध्ये अमेरिकेत फिंकेलस्टाइन आणि लोस्पालुटो यांनी हे विष शुद्ध स्वरूपात वेगळे केले. मग त्याची चाल उलगडली. विषाचे पाच सारखे भाग आतड्याच्या पेशीला चिकटतात, सहावा आत शिरतो आणि पेशीतला एक रासायनिक खटका उघडाच ठेवून देतो. पेशी मग क्षार बाहेर ओतत राहते, क्षारामागे पाणी जाते. गंभीर रुग्णाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते. पण आतड्याचे अस्तर फाटत नाही आणि साखरेसोबत मीठ आत ओढून घेणारी वाट शाबूत राहते.

जीव वाचवणारी गोष्ट नेमकी ही. साखर-मीठ मिसळलेले पाणी प्यायला दिले तर आतडे ते घेते. १९७१ मध्ये बांगलादेशी निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी हेच पाणी पिंपांतून वाटले आणि ३० टक्क्यांच्या आसपासचा मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. आज मेडिकलच्या दुकानात काही रुपयांना मिळणारी ओआरएसची पुडी ती हीच.

दुसरा फायदा लशीचा. वारकऱ्यांना दिली जाणारी दंडातली सुई थोडे दिवस आणि अपुरेच संरक्षण द्यायची. लढाई आतड्यात आणि शिपाई रक्तात, अशी गत होती. आता कॉलऱ्याची लस तोंडावाटे देतात आणि त्यांतल्या एकीत याच विषाचा निरुपद्रवी भाग असतो.

उशिराची ओळख

आणि डे? १९५५ पासून ते कलकत्ता मेडिकल कॉलेजात विभागप्रमुख होते. विष शुद्ध करायचा प्रयत्न त्यांनी केला, पण त्या कामाला लागणारी साधने हाताशी नव्हती. दोरा, सुई आणि ससा यांच्या बळावर विष आहे हे सिद्ध करता आले. ते वेगळे काढायला मात्र यंत्रे लागतात. ते काम दुसऱ्या देशात झाले. १९७३ मध्ये डे निवृत्त झाले. तोवर त्यांना देशात कोणताही मोठा सन्मान मिळाला नव्हता. कोणत्याही भारतीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले नव्हते.

१९७८ मध्ये नोबेल प्रतिष्ठानने स्टॉकहोमला कॉलऱ्यावर परिसंवाद भरवला आणि डे यांना बोलावले. तिथे त्यांनी म्हटले की, साठच्या दशकाच्या सुरुवातीपासून मी मेलेलाच होतो, तुम्ही मला उकरून काढलेत. जनुकशास्त्रज्ञ जोशुआ लेडरबर्ग, स्वतः नोबेलविजेते, यांनी डे यांचे नाव नोबेलसाठी एकापेक्षा अधिक वेळा सुचवले होते. १५ एप्रिल १९८५ ला डे वारले तेव्हा देशातल्या वैज्ञानिक जगाला त्याची फारशी खबरही नव्हती. १९९० मध्ये ‘करंट सायन्स’ने त्यांच्यावर विशेषांक काढला, तेव्हा त्यांना जाऊन पाच वर्षे झाली होती.

डे यांची गोष्ट सांगताना ‘साधनांशिवायही संशोधन होते’ असे म्हणण्याचा मोह होतो. तो आवरायला हवा. साधनांशिवाय प्रश्न विचारता येतो, पहिले उत्तरही मिळते. दुसरे मिळत नाही. डे यांनी आपले काम चोख केले. त्यांच्या हाती पुढची साधने देणे हे ज्यांचे काम होते, त्यांनी ते केले नाही.