पुढच्या युनिटचा खर्च

औष्णिक केंद्रातील दोन संचांना मिळून ५०० मेगावॅट वीज द्यायची असेल, तर भार निम्मा-निम्मा वाटणे सरळ वाटते. पण ते बहुधा महागात पडते. वाटणी ठरवताना पाहायचा असतो तो वाढीव खर्च, म्हणजे त्या संचाकडून आणखी एक युनिट काढायला लागणारे पैसे.

समजा, पहिल्या संचाचा वाढीव खर्च २ रुपयांपासून सुरू होतो आणि दर मेगावॅटला ०.४ पैशांनी चढतो, दुसऱ्याचा २.५० रुपयांपासून, ०.६ पैशांनी. प्रत्येकी २५० मेगावॅटवर पहिल्याचे पुढचे युनिट ३ रुपयांना पडते, दुसऱ्याचे ४ रुपयांना. अर्थात भार पहिल्याकडे सरकवावा. ३५० आणि १५० मेगावॅटवर दोन्हीकडे ३.४० रुपये होतात आणि सरकवण्यात काही लाभ उरत नाही. एवढ्याने तासाला ५०,००० रुपये वाचतात.

अट पाळून किमान खर्च शोधण्याची ही रीत १८व्या शतकातील गणिती लाग्रांज यांची. मागणी पुरी करण्याच्या अटीला त्यात एक गुणक जोडतात, लॅम्डा. वरच्या उदाहरणात त्याचे मूल्य ३.४०. अभियांत्रिकीचे विद्यार्थी तो बहुधा चिन्ह म्हणून सोडवून टाकतात. वास्तविक ती पुढच्या युनिटची किंमत आहे, आणि या विषयातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच.

कोयनेत हे विशेष जाणवते. १,९६० मेगावॅटच्या या जलविद्युत प्रकल्पात कोळशाचा खर्च नाही, म्हणून तो अखंड चालवावा असे वाटेल. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीवाटप लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीची (अब्ज घनफुटांची) मर्यादा घातली. या अटीलाही गुणक लागतो आणि फुकटच्या पाण्याला किंमत येते. मग ते महागडी वीज टाळता येईल अशा संध्याकाळच्या तासांसाठी राखले जाते.

कोणता संच चालू ठेवायचा आणि कोणता बंद, हा प्रश्न अधिक बिकट. १० संचांच्या चालू-बंद जुळण्या एका तासाला १,०२४ होतात, २४ तासांसाठी ही संख्या ७३ अंकी. त्या सगळ्या तपासणे अशक्य. म्हणून ज्यांत उत्तर असूच शकत नाही असे गटच्या गट आधीच वगळतात.

वाहिन्यांच्या क्षमता आणि व्होल्टेजच्या मर्यादाही धरून संपूर्ण जाळ्याची मांडणी फ्रान्समध्ये कार्पांतिए यांनी १९६२ मध्ये केली. ही समीकरणे रेषीय नसल्याने ती वेगाने सोडवणे अवघड होते. पुढे इथे आंतर्बिंदू पद्धती उपयोगी पडल्या. त्यांना मोठी चालना मिळाली ती १९८४ मध्ये, मुंबईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकी शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांच्या रीतीने. डँटझिग यांची १९४७ची सिम्प्लेक्स पद्धत शक्य उत्तरांच्या क्षेत्राच्या कडाकडांनी कोपरे गाठत जाते. करमरकरांची रीत थेट आतून वाट काढते. ती रेषीय प्रश्नांसाठी होती. नंतर त्याच विचाराच्या पद्धती अरेषीय वीजजाळ्यांनाही लावल्या गेल्या.