सांध्यावरचा शिक्का

वडूजच्या एस. टी. स्थानकावर पहाटेच्या साताऱ्याच्या गाडीची वाट पाहत उभ्या असलेल्या मंडळींत एखादी तरुण परिचारिका अशी हमखास दिसते, की जिचे लक्ष खांद्यावरच्या पर्सकडे नसून छातीशी धरलेल्या प्लास्टिकच्या फाईलीकडे असते. त्या फाईलीत शाळा सोडल्याचा दाखला असतो, दहावी-बारावीची गुणपत्रके असतात, परिचर्या पदविकेचे प्रमाणपत्र, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी, त्या नोंदणीच्या नूतनीकरणाची पावती, अधिवासाचा दाखला, मागील नेमणुकीचे अनुभवपत्र, आणि या प्रत्येकाच्या तीन-तीन झेरॉक्स. नेमणूक बहुधा कंत्राटी. ती संपली की दुसरी दरखास्त, दुसरी कचेरी, आणि तीच फाईल. वडूज ज्यात येते त्या खटावसारख्या पर्जन्यछायेच्या तालुक्यात, जिथे शेतीचा भरवसा धरता येत नाही आणि जिथल्या माणसांनी गलाईच्या धंद्यापासून मुंबईच्या गिरण्यांपर्यंत कोठे कोठे जाऊन संसार उभे केले, तिथे मुलीला परिचारिका करणे हा घराने घेतलेला फार मोठा निर्णय असतो, आणि त्या निर्णयाचे सारे फलित त्या एका फाईलीत साठवलेले असते.

माझी मावशी सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. तिच्या पदविकेचा कागद पत्र्याच्या गोल नळीत असे, नळीत डांबराची गोळी, नळी ट्रंकेच्या तळाशी आणि वर लग्नातला शालू. बदलीचा हुकूम आला की भांडी-कुंडी मागाहून निघत. नळी मात्र तिच्या हातात. वाळवी, पाऊस आणि घरातली लहान मुले या तिघांपासून तिने तो कागद चाळीस वर्षे जपला. अशा कागदांसाठी आज जे विद्युत-दप्तर घडविण्याचे प्रयत्न चालले आहेत त्यांचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे ती नळीच येते, कारण हे दप्तर घडविणाऱ्याला सोडवावयाचा प्रश्न त्या नळीतच दडलेला आहे.

कागदाचे छायाचित्र मोबाईलमध्ये ठेवले म्हणजे दप्तर झाले, असा एक सार्वत्रिक समज आहे. छायाचित्राने वाळवीचे भय संपते, पण विश्वासाचा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो. समोरच्या अधिकाऱ्याला त्या चित्रातील नाव, साल आणि नोंदणीक्रमांक कोणी बदललेले नाहीत याची खातरी कशी पटावी? हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. शिवकालीन आणि पेशवेकालीन मोडी कागद ज्यांनी पाहिले असतील त्यांना ठाऊक असेल, की पत्राच्या आरंभी मुख्य मुद्रा आणि मजकूर संपताच मोर्तब उमटविण्याची रीत होती. 'मर्यादेयं विराजते' ही शिवकालीन मोर्तबातील अक्षरे अगदी शब्दशः सांगतात, की मजकुराची सीमा येथवर. याखाली कोणी एक ओळ वाढविली तर ती खोटी. त्याहूनही विलक्षण रीत मागच्या बाजूला आढळते. मजकूर लांबला की कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत, आणि ज्या ठिकाणी दोन बंद जुळत त्या सांध्यावर पाठीमागून शिक्का मारीत. अर्धा शिक्का वरच्या बंदावर, अर्धा खालच्या. मधला बंद काढून कोणी दुसरा घातला तर शिक्क्याची दोन अर्धुके जुळत नसत. जोडीला 'बार' हा शेरा असे, म्हणजे या पत्राची नोंद दप्तरात झाली आहे.

आजच्या गणितज्ञांनी जे केले ते तत्त्वतः हेच, फक्त लाखेची आणि शाईची जागा अंकांनी घेतली. कोणताही मजकूर, मग तो एका ओळीचा असो वा हजार पानांचा, एका ठराविक गणिती प्रक्रियेतून नेला की त्याचा ठराविक लांबीचा एक ठसा मिळतो. या प्रक्रियेला हॅश म्हणतात, आणि तिच्या आज सर्वाधिक रूढ असलेल्या प्रकारात तो ठसा २५६ बिटांचा, म्हणजे लिहून काढल्यास ६४ चिन्हांचा असतो. मूळ मजकुरातले एक वेलांटीचे चिन्ह जरी बदलले तरी ठसा पार निराळा निघतो, आणि ठशावरून उलट मजकूर शोधून काढणे व्यवहारतः अशक्य असते. हे झाले मोर्तब. पण मोर्तब कोणाचे? यासाठी १९७६ साली डिफी आणि हेलमन यांनी मांडलेली दोन किल्ल्यांची कल्पना उपयोगी पडते. दाखला देणारी संस्था दोन संख्या बाळगते. एक गुप्त, जी संस्थेबाहेर कधी जात नाही, आणि दुसरी जाहीर, जी कोणीही जवळ ठेवावी. गुप्त किल्लीने त्या ठशावर सही करावयाची आणि जाहीर किल्लीने ती सही पडताळावयाची. जाहीर किल्ली हाती असून सही बनविता येत नाही, जसा शिक्क्याचा ठसा नित्य पाहणाऱ्याला मूळ शिक्का हाती लागत नाही. किंबहुना त्याहून पुष्कळच अधिक कठीण, कारण शिक्का नकलाकार कोरून घेऊ शकतो. आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याने २००० सालीच अशा सहीला कागदावरील सहीची मान्यता दिली.

ही गोष्ट वडूजकरांना अपरिचित वाटेल, पण तिचा अनुभव त्यांनी घेतलेला आहे. १६ जानेवारी २०२१ पासून देशात कोविडची लस दिली जाऊ लागली आणि ती घेतलेल्या प्रत्येकाला जे प्रमाणपत्र मिळाले, त्याच्या कोपऱ्यातील काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या चौकोनात नाव, लस आणि तारीख यांसह अशीच एक सही गुंफलेली होती. वरची छापील अक्षरे कोणी संगणकावर खोडून बदलली असती तरी चौकोनातील मजकूर बदलून त्यावर नवी सही आणणे त्याच्या हातचे नव्हते. जगभरच्या संगणकांत अशा दाखल्यांनी एकच भाषा बोलावी म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने नोव्हेंबर २०१९ मध्ये एक प्रमाण-आराखडा प्रसिद्ध केला, आणि लसीकरणाची ही प्रमाणपत्रे त्याच आराखड्याला धरून होती. देणारा, बाळगणारा आणि तपासणारा अशा तीन पक्षांवर तो उभा आहे. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्यसेवेने २०२० मध्ये, डॉक्टर-परिचारिकांना एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात तातडीने पाठवावे लागत होते तेव्हा, त्यांचे दाखले त्यांच्याच मोबाईलमध्ये देऊन याच मार्गाचा अवलंब केला होता.

आपल्याकडील व्यवस्था अनेक दालनांची आहे. १ जुलै २०१५ ला सुरू झालेल्या डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे आहेत आणि त्यांतील भेद प्रत्येक आरोग्यसेविकेने लक्षात ठेवण्याजोगा आहे: ज्या कप्प्यात संस्थेकडून थेट दाखला येतो त्यातील दाखल्याला कायद्याने मूळ प्रतीचा दर्जा आहे, ज्या कप्प्यात आपण स्वतः फोटो चढवितो तो केवळ आपली नळी आहे, अधिक काही नाही. २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये आरोग्य-व्यावसायिकांची एक नोंदवही आहे, तीत डॉक्टर वा परिचारिकेने अर्ज करावयाचा आणि संबंधित परिषदेने तो तपासून रुजू करावयाचा. गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्लीच्या उपविभागीय कार्यालयाने २०२२ साली सुमारे ६५ हजार जातीच्या दाखल्यांचे ठसे ब्लॉकचेनवर, म्हणजे ज्यातील प्रत्येक बंदाचा सांधा मागच्या बंदाच्या ठशाने पक्का केलेला आहे अशा सार्वजनिक वहीत, नोंदविण्याचा उपक्रम हाती घेतला. नित्याच्या पडताळणीला साधी अंकीय सही पुरते असे माझे मत आहे. परंतु खाजगी परिचर्या महाविद्यालय बंद पडले, त्याचे दप्तर कोठे गेले हे कोणी सांगू शकत नाही, अशा वेळी त्या मुलीच्या दाखल्याचा ठसा कोठेतरी कायम राहिलेला असणे याचे मोल मी कमी लेखीत नाही.

आता ही योजना कागदावरून गावात आणू. समजा, ग्रामीण रुग्णालयात रात्रपाळीला नवी परिचारिका रुजू होते आहे आणि त्याच वेळी मोबाईलची रेंज गेलेली आहे. सही पडताळण्यास रेंज लागत नाही. परिषदेची जाहीर किल्ली तपासणाऱ्याच्या यंत्रात आधीच ठेवलेली असली म्हणजे झाले. पण सही खरी असूनही नोंदणीची मुदत संपलेली किंवा ती स्थगित झालेली असू शकते, आणि ते कळण्यासाठी प्रत्येक वेळी परिषदेला विचारावे तर रेंज हवी. शिवाय कोणती परिचारिका कोणत्या दिवशी कोठे नोकरी मागते आहे याची आयती दैनंदिनी परिषदेपाशी तयार होईल, जी कोणापाशीच असू नये. यावर निघालेला तोडगा मला फार देखणा वाटतो. परिषदेने हजेरीपटासारखा एक लांबलचक पट प्रसिद्ध करावयाचा, ज्यात नावे नाहीत, केवळ शून्य आणि एक. दाखल्यात फक्त त्या पटातील आपला अनुक्रम. शून्य म्हणजे दाखला चालू, एक म्हणजे रद्द. अशा पटाची प्रमाणित किमान लांबी १,३१,०७२ घरांची आहे आणि तरीही त्याचे आकारमान अवघे १६ किलोबाइट भरते, म्हणजे मोबाईलवरच्या एका साध्या फोटोहूनही कितीतरी कमी. सकाळी रेंज असताना रुग्णालयाने अख्खा पट उतरवून घ्यावा; रात्री त्यातले कोणते घर पाहिले हे परिषदेला कधीच कळत नाही.

याहून नाजूक एक प्रश्न आहे, आणि तो आपल्या मातीतला आहे. नोकरीच्या वेळी जन्मतारखेचा पुरावा म्हणून शाळा सोडल्याचा दाखला मागण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. त्या दाखल्यात जन्मतारखेशेजारी जातीचा रकाना असतो. तारीख पाहावयाची म्हणून कागद हाती घेणाऱ्या प्रत्येकाला, खाजगी दवाखान्याच्या व्यवस्थापकापासून झेरॉक्सच्या दुकानातील पोऱ्यापर्यंत, त्या मुलीची जात वाचावयास मिळते. ती सांगावी की न सांगावी हा विचार करण्याची संधीसुद्धा तिला मिळत नाही. कागदाला अर्धे झाकण्याची सोय नाही. विद्युत-दाखल्यात ती करता येते: प्रत्येक रकान्याचा ठसा स्वतंत्र घ्यावयाचा, प्रत्येकात एक यदृच्छ संख्या मिसळावयाची म्हणजे ठशावरून अंदाज बांधता येऊ नये, आणि संस्थेने या सर्व ठशांच्या यादीवर मिळून एकच सही करावयाची. मग परिचारिका जन्मतारखेचा रकाना तेवढा उघडते. बाकीचे रकाने लिफाफ्यातच राहतात, तरीही तपासणाऱ्याला संपूर्ण दाखला अस्सल असल्याची खातरी पटते. ही सुविधा जो रचनाकार 'पुढच्या टप्प्यात पाहू' म्हणून बाजूला सारील, त्याने खटाव-माणमधील एका तरी मुलीसमवेत एक दिवस कचेऱ्यांतून हिंडावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

मोबाईल हरवला, पडला, किंवा घरात एकच असून तो वडिलांच्या खिशात गेला, तर काय, याची उत्तरे त्यामानाने सोपी आहेत. दाखल्याचा चौकोन जाड कागदावर छापून जवळ ठेवावा आणि मोबाईल गेल्यास नवा दाखला देण्याची तजवीज संस्थेपाशी असावी. छापलेला कागद अशा व्यवस्थेत कमीपणाचा मानू नये.

मात्र ज्या ठिकाणी ही सारी यंत्रणा थबकते ते ठिकाण गणिताचे नाही. मावशी निवृत्त झाली तेव्हा नळीतला कागद जसाच्या तसा निघाला. अक्षर न अक्षर वाचता येत होते. एका कार्यालयाने तो परत केला, कारण पदविकेवरील नाव माहेरचे होते आणि सेवापुस्तकातील सासरचे. महाराष्ट्रात लग्नानंतर स्त्रीचे आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येते, आणि मावशीच्या पिढीत लग्नात तिचे पाळण्यातले नावही बदलण्याची चाल होती. म्हणजे एकाच बाईच्या दोन दाखल्यांत एकाही शब्दाचे साम्य नसावे, हे अगदी सहज घडे. आजची परिस्थिती निराळ्या प्रकाराने तितकीच बिकट आहे. परिषदेच्या नोंदणीत रोमन अक्षरांतले नाव एक, आधारवरचे दुसऱ्या वर्तनीचे, बँकेतले तिसरे. माणसाला हे एकच नाव दिसते, यंत्राला तीन बाया दिसतात. सर्व दाखल्यांवरच्या सह्या निर्दोष असूनही त्या तिघी एकच आहेत हे सांगणारा दाखला नसतो, आणि ते ठरविणारा शेवटी खिडकीपलीकडचा कारकून असतो.

तेव्हा या दप्तराच्या रचनेत मला सर्वांत आधी हवा आहे तो नावाच्या सांध्याचा दाखला: विवाहनोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा राजपत्राने स्वतःच्या गुप्त किल्लीने सही केलेला, ज्यात जुन्या नावाच्या दाखल्याचा ठसाही आहे आणि नव्या नावाच्या दाखल्याचाही, अर्धा शिक्का या बंदावर आणि अर्धा त्या. मावशीला असा सांधा कागदावर मिळविण्यासाठी दीड वर्ष हेलपाटे घालावे लागले, प्रतिज्ञापत्रे करावी लागली, आणि ज्या दवाखान्यात तिची सारी हयात गेली तेथील दोन वृद्ध सहकाऱ्यांना साक्षीला उभे करावे लागले. त्या दोघींनी कागदाकडे न पाहताच तिला ओळखले.