ऑइल बदललं आणि इंजिन वाजायला लागलं : सेल्फ मारण्याआधी काय बघायचं

आज समोर दोन प्रकारची माणसं बसलेली आहेत. काहींचा ट्रॅक्टर किंवा गाडी ऑइल बदलल्यानंतर बिघडली, आणि काहींनी ते ऑइल बदलून दिलं. आम्ही दुसऱ्या बाकावरचे. गोंदिया जिल्ह्यात ट्रॅक्टर, पिकअप, मोटरसायकली दुरुस्त करण्यात आमची बरीच वर्षं गेली, आणि आज जी चूक सांगणार आहोत ती आमच्याच गॅरेजात झालेली आहे. तेव्हा हे सगळं कबुलीजबाब समजूनच ऐका.

गोष्ट जुलैची. त्या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रातही जेमतेम पडला आणि पुनर्वसू लागल्यावर पाऊस एकदम आला. आपल्याकडे असं झालं की काय होतं तुम्हाला माहीतच आहे. सगळ्यांचे पऱ्हे एकाच वेळी तयार, सगळ्यांना एकाच आठवड्यात चिखलणी हवी. पऱ्हे वीस-पंचवीस दिवसांचे झाले की रोवणी व्हायला पाहिजे, पुढे थांबलं की फुटवे कमी धरतात. अशा दिवसांत अर्जुनीकडचा एक शेतकरी संध्याकाळी ट्रॅक्टर घेऊन आला. २५० तास भरले होते. म्हणाला, उद्यापासून बांधीत उतरायचं आहे, ऑइल-फिल्टर करून द्या जी.

आमच्याकडच्या पोराने इंजिन गरम असताना ऑइल काढलं, जुना फिल्टर उघडला, नवीन आवळला, पट्टीवरच्या खुणेपर्यंत ऑइल भरलं. दोन मिनिटं इंजिन चालवून बघितलं. थेंब नाही. गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास फोन. "भाऊ, इंजिन खडखड करून रायलं जी. ऑइलचा काटा खाली पडला."

आता ऐका आम्ही काय सांगितलं. आम्ही सांगितलं, ऑइल कमी झालं असेल, पाच लिटर टाक आणि चालू करून बघ आवाज जातो का. त्याने गावातून डबा आणला, ओतला, सेल्फ मारला. आवाज गेला नाही, वाढला. आणि टाकलेलं ऑइल पुन्हा बांधीत.

झालं काय होतं? जुना फिल्टर काढताना त्याची रबर रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती. पोराने बघितलं नाही, आम्ही तपासलं नाही, आणि नवा फिल्टर त्या रिंगेवरच बसला. म्हणजे दोन रिंगा एकावर एक. हे फार फसवं काम असतं. इंजिन हळू चालताना दोन रिंगा तग धरतात. रेस वाढली, दाब वाढला, की रबर एका बाजूने बाहेर सरकतं आणि मग ऑइल ठिबकत नाही, पिचकारी उडते. कोरड्या रस्त्यावर मागे काळी रेघ दिसली असती. बांधीत पाणी आणि चिखल, केजव्हील सगळं घुसळतंय. ड्रायव्हरला पाण्यावर रंगीत तवंग दिसला तर त्याला वाटलं डिझेल सांडलं असेल. काटा पडला तेव्हा वाटलं काटाच बिघडला.

पहिली चूक रिंगेची. पण आमच्या मते मोठी चूक फोनवरची, "चालू करून बघ" ही. का, ते समजायला इंजिनाच्या पोटात जावं लागेल.

आपण म्हणतो ऑइलने इंजिन गुळगुळीत चालतं. ते अर्धंच झालं. क्रँक बेरिंगमध्ये फिरते तेव्हा, सगळं ठीक असेल तर, लोखंड बेरिंगला टेकतच नाही. मध्ये ऑइलचा पापुद्रा असतो, केसापेक्षा कितीतरी पातळ, आणि पिस्टनवर पडणारा सगळा दणका तो पापुद्रा उचलतो. हे माणसाला कळलं तेही गमतीनेच. इंग्लंडात बोशँप टॉवर नावाचा इंजिनिअर १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसाच्या बेरिंगांवर प्रयोग करत होता. ऑइल घालायला त्याने बेरिंगला वरून भोक पाडलं, तर त्या भोकातून ऑइल वर यायला लागलं. त्याने बूच मारलं, बूच बाहेर. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. तेव्हा लक्षात आलं की फिरणारा दांडा स्वतःच ऑइलला खाली ओढून दाब तयार करतो आणि त्या दाबावर तरंगतो. १८८६ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचं गणित मांडलं. पुढच्याच वर्षी, १८८७ साली, बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, जिच्या रुळांवर आपलं गोंदिया जंक्शन वाढलं. त्या काळच्या डब्यांची चाकंही अशाच पापुद्र्यावर फिरायची.

तर पंपाचं काम त्या जागी सतत नवं ऑइल पोचवणं. चेंबर रिकामं झालं की पंप हवा ओढतो. हवेवर दणका उचलला जात नाही. मग क्रँक बेरिंगला घासते. बेरिंगचा वरचा थर मुद्दाम मऊ धातूचा असतो, क्रँकऐवजी तो झिजावा म्हणून. तो घासला, तापला, पसरला की फट वाढते. फट वाढली की नंतर कितीही ऑइल ओता, दाब धरत नाही, बाजूने निसटून जातो. "ऑइल टाकलं तरी आवाज जाईना", त्याचं कारण हे. आणि प्रत्येक वेळी चालू करून बघताना तो निघालेला चुरा ऑइलबरोबर पुढच्या बेरिंगांत फिरतो. एका सिलिंडरचं दुखणं चारांना लागतं.

टर्बोवाली पिकअप असेल तर आणखी वाईट. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेऊ शकतो आणि तोही ऑइलवरच तरंगतो. देवरी-कोहमाऱ्याकडे हायवेवर जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: डॅशबोर्डवरचा लाल ऑइलचा दिवा ऑइल कमी होतंय हे सांगायला लावलेला नसतो. दाब जवळपास संपला की तो लागतो. पुढचा ढाबा येईपर्यंत चालवू, असं करायचं नाही. तिथेच, रस्त्याच्या कडेला, बंद.

मग त्या दिवशी आम्ही काय सांगायला पाहिजे होतं? बंद कर, चावी काढून खिशात ठेव, आम्ही येतो. एवढंच. बांधीतून ट्रॅक्टर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून काढायचा, गिअर न्यूट्रलमध्ये. ऑइल कुठून गेलं ते आधी शोधायचं. उरलेलं ऑइल स्वच्छ पातेल्यात काढून उन्हात धरायचं. चकाकी दिसते का? मग फिल्टर कापायचा. हॅकसॉ लावू नका, त्याचाच कीस आत पडतो; कडेने कापणारं कटर मिळतं. आतला कागद उलगडून पिळायचा आणि पांढऱ्या फडक्यावर बघायचं. बारीक चमक असेल तर चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटलं ते लोखंड-पोलाद. चिकटलं नाही आणि चमकतं, ते बहुतेक बेरिंगचं किंवा पिस्टनचं. तांबूस दिसलं तर बेरिंगचा वरचा थर संपून खालचं उघडं पडलं समजा.

फिल्टर स्वच्छ निघाला, तर आशा आहे. रिंग नीट बसवा, ऑइल भरा, पण लगेच चालू करू नका. स्टॉपर ओढून धरा म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि सेल्फ मारा, दहा-दहा सेकंद, मध्ये थांबत. इंजिन न पेटता फिरतं, पंप ऑइल वर चढवतो. काटा उठला की मगच सुरू. डॅशबोर्डच्या काट्यावर भरवसा नसेल तर दिव्याचा स्विच काढून तिथे मेकॅनिकल गेज लावा. इंजिन पूर्ण तापल्यावर, आयडलला दाब किती राहतो ते मॅन्युअलशी जुळवा. थंड असताना सगळेच दाब दाखवतात. आणि पन्नासेक तासांनी ऑइल पुन्हा काढून फिल्टर पुन्हा कापा. हा खर्च लोकांना नको वाटतो, पण चेंबर उतरवण्यापेक्षा तो स्वस्तच.

चुरा निघाला तर मात्र चेंबर उतरवायचं, कनेक्टिंगच्या एक-दोन कॅप खोलून बेरिंग डोळ्यांनी बघायचं. आमच्या त्या ट्रॅक्टरचं तेच झालं. दोन बेरिंगं पुसली होती आणि क्रँकवर नखाला लागतील असे ओरखडे. क्रँक दहा थाऊ ग्राइंड करावी लागली, म्हणजे पाव मिलिमीटर, आणि त्या मापाची बेरिंगं. पहिल्या खडखडीला थांबलो असतो तर नुसत्या बेरिंगांवर भागलं असतं, असं आम्हाला वाटतं. खात्रीने कोण सांगणार?

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो, कारण रिंगेसारखाच प्रत्येकीचा आपला स्वभाव आहे. चेंबरचा बोल्ट जोर लावून आवळला की ॲल्युमिनियमचे आटे जातात. आज थेंब, महिन्याभराने बोल्टच रस्त्यावर. वायसर दर वेळी नवीन घाला, दोन-पाच रुपयांची वस्तू आहे. कधी खालचा चुकीचा बोल्ट उघडला जातो, गिअरचं ऑइल निघून जातं आणि इंजिनात मात्र दुप्पट भरलं जातं. अशा वेळी गाडी "ऑइल तर भरपूर आहे" म्हणत जाते आणि गिअरबॉक्स ओरडायला लागतो. मोटरसायकलचं वेगळं. बहुतेक गाड्यांत इंजिन, गिअर आणि क्लच एकाच ऑइलात असतात. त्यात कारचं ऑइल ओतलं तर क्लच घसरू शकतो, कारण त्यात घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात. डब्यावर जेएएसओ एमए असं लिहिलेलं बघा. असं चुकून भरलं असेल तर घाबरू नका, काढून योग्य ते भरा, इंजिन त्याने बसत नाही. आणि ऑइलची पट्टी बऱ्याच मोटरसायकलींत आटे न पिळता नुसती टेकवून बघायची असते. पिळून बघणारा जास्त भरतो.

जास्त भरण्याला लोक चूक समजतच नाहीत. खुणेच्या वर बोटभर गेलं तरी "राहू द्या, चांगलंच आहे". क्रँक ऑइलात बुडून ते घुसळते, फेस होतो आणि पंप फेस ओढतो. सील फुटतात. डिझेल इंजिनात तर ब्रीदरमधून ऑइल एअरच्या वाटेने सिलिंडरात जाऊ शकतं, आणि मग इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुटतं. चावी बंद करा, स्टॉपर ओढा, काही उपयोग नाही, कारण ते डिझेलवर चालतच नाही. रेस आपोआप चढते, पांढरा-निळा धूर. त्या वेळी एकच वाट असते, हवा बंद करणं. एअर क्लिनरच्या तोंडावर जाड फळी दाबायची. हात लावायचा नाही, कपडा लावायचा नाही, तो आत ओढला जातो. तोंडापर्यंत पोचता येत नसेल तर माणसांना लांब करा. इंजिन गेलं तर गेलं.

आता पैशाचं बोलू, कारण भांडण तिथेच होतं. आमच्या प्रकरणात आम्ही दुसऱ्या दिवशी बांधीवर गेलो, फिल्टर त्याच्यासमोर उघडला, आणि दोन रिंगा त्याच्या हातात पडल्या. लपवायला जागाच नव्हती. खरं सांगायचं तर रस्त्यात आमच्यात बोलणं झालं होतं, की काटा पडूनही ड्रायव्हरने चालवलं हे पुढे करायचं का. तेही खोटं नव्हतं. पण फोनवर आम्ही काय बोललो ते आम्हालाही माहीत होतं. ग्राइंडिंग, बेरिंगं, मजुरी आम्ही घेतली. चिखलणीसाठी त्याने भाड्याचा ट्रॅक्टर लावला, त्याचे अर्धे पैसे दिले. पण भाड्याचा ट्रॅक्टर पाच दिवस उशिरा मिळाला. त्या पाच दिवसांचे पऱ्हे आम्ही भरून देऊ शकलो नाही. तो अजून आमच्याकडे येतो, पण फिल्टर लावताना शेजारी उभा राहतो. राहू द्या.

सगळेच गॅरेजवाले असं करतील असं नाही, म्हणून गाडीवाल्यांना सांगतो. जुना फिल्टर, उरलेलं ऑइल, बोल्ट, वायसर काहीही फेकू देऊ नका. उघडण्याआधी फोटो काढा, तासांचं मीटर फोटोत येऊ द्या. बिल घ्या, त्यावर तारीख, तास आणि ऑइलचा ग्रेड लिहून घ्या. ज्याने काम केलं त्याला खोलताना समोर बोलवा. त्याच्या मागे खोललं की मग तो म्हणणार, हे तुम्हीच केलं. बोलणीने मिटलं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीची तक्रार जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते, साधारणपणे दोन वर्षांच्या आत. तिथे तुमचं तोंडी म्हणणं कमी आणि तो दोन रिंगांचा फिल्टर जास्त बोलतो.

काढलेलं ऑइल बोडीत किंवा बांधावर ओतू नका. २०१६ च्या नियमांत ते घातक कचरा आहे, आणि आपल्या मामा तलावांतलं पाणी शेवटी आपल्याच बांध्यांत येतं.

प्रश्न विचारा आता... हो, मागून एकाने विचारलं, की आवाज आला की जाड ऑइल टाकून हंगाम काढता येतो का. येतो कधी कधी. जाड ऑइलाने वाढलेली फट थोडी झाकली जाते, काटा वर येतो, आवाज दबतो. जुनी गाडी विकणारेही हेच करतात. पण बेरिंग निसटून फिरायला लागलं तर कनेक्टिंग तुटून ब्लॉकला भोक पडू शकतं, आणि मग ग्राइंडिंगच्या ऐवजी अख्खा ब्लॉक बदलावा लागतो. तुमच्या ट्रॅक्टरचा आवाज कधीपासून आहे? चार दिवस? मग आज घरी जाताना तो चालवत नेऊ नका. इथे ठेवा, सकाळी फिल्टर कापून बघू.