पेटीतले कागद वाचणार कोण?

तुमच्या माळवदाच्या घरात, आतल्या खोलीत, एखादी जुनी लोखंडी पेटी असेलच. तळाशी फडक्यात बांधलेले कागद असतील. आजोबा म्हणायचे, "हे सांभाळा." आपण सांभाळले, पण त्यात लिहिले आहे काय, हे घरात कोणाला सांगता येते का? मग दिवाळीच्या साफसफाईत कोणीतरी म्हणते, "कशाला ही रद्दी?" आणि पेटी रिकामी होते.

ही गोष्ट सांगायचे कारण असे, की आता पदवीच्या नव्या अभ्यासक्रमात मुलांना काही काळ बाहेर प्रत्यक्ष काम करावे लागते. आपल्या जुन्या भाषेत याला उमेदवारी म्हणत. इतिहास शिकणारी मुले ही उमेदवारी वस्तुसंग्रहालयात किंवा जुन्या दप्तरखान्यात करू शकतात. "पोरगी कॉलेजात घातली ती धूळ झाडायला का?" असे तुम्हाला वाटेल. तर थोडे ऐका.

आपला कागद चार ठिकाणी

शिरूर अनंतपाळ तालुका झाला १९९९ साली. लातूर जिल्हा झाला १९८२ साली; त्याआधी आपण उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात होतो. त्याच्याही मागे गेलात तर निलंगा, उदगीर, अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राज्य निजामाचे. म्हणजे एकाच शिवाराचा माग काढायचा तर लातूर, धाराशिव, बीदर आणि हैदराबाद अशा चार वाटा धुंडाळाव्या लागतात.

भाषेचेही तसेच. निजामाचे सरकारी कामकाज आधी फारसीत, पुढे उर्दूत चाले. गावचा पटवारी मात्र मोडीत लिही. त्यात सालही फसली. फसली सालात ५९० मिळवले की इंग्रजी साल निघते. फसली १३४५ म्हणजे १९३५-३६. एवढे माहीत नसले तर हातातला कागदही मुका.

२०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. तेव्हा मराठवाडाभर जुनी दप्तरे सोडली गेली, आणि मोडी व उर्दू वाचणारी माणसे शोधताना सगळ्यांचीच धावपळ झाली. विहीर कोरडी पडल्यावर दोर वळायला घ्यावा, तसे झाले!

आपल्याच भागातली माणसे

हे काम मोठ्या शहरातल्या विद्वानांचेच, असे मानू नका. सेतुमाधवराव पगडी जन्मले आपल्या शेजारच्या निलंग्यात, १९१० साली. फारसी, उर्दूवर त्यांचा हात बसला, म्हणून मोगलांच्या दरबारची कागदपत्रे त्यांनी मराठीत आणली. तेरला रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनी शेतात, पांढरीच्या मातीत सापडणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती वर्षानुवर्षे जमवल्या. त्या हजारो वस्तूंचे आज सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. लातूरला बाजाराला जाता, तसे एकदा तेरलाही मुलाबाळांना घेऊन जा.

उमेदवार करतो काय?

काम साधे, पण चिकाटीचे. मऊ कुंचल्याने धूळ झाडायची. घडी हळू उलगडायची. प्रत्येक कागदाला क्रमांक द्यायचा. साल, गाव, भाषा, नावे, विषय यांची यादी करायची. लिहायचे पेन्सिलीने, कारण शाईचा थेंब पडला तर पुसत नाही. मग छायाचित्र घ्यायचे. महिना-दोन महिन्यांत हाताला शिस्त लागते, डोळ्याला अक्षर ओळखीचे होते. राज्याचे पुराभिलेख खाते मोडीचे वर्ग चालवते आणि परीक्षाही घेते. त्याची जोड दिली तर ही विद्या पोटालाही उपयोगी पडते. तुमच्या मुलीने कॉलेजात एवढेच विचारावे, "मला दप्तरखान्यात काम मिळेल का?"

घरी एवढे करा

घरची पेटी मात्र मुलगी शिकून येईपर्यंत थांबणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात माणसे गेली, घरे गेली. त्या ढिगाऱ्यांखाली किती घरांचे कागद गेले असतील! म्हणून या उन्हाळ्यातच पेटी उघडा. कागद सावलीत, कोरड्या जागी पसरा, उन्हात नको. फाटलेल्या जागी चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये पक्के बंद करू नका. धुतलेल्या, कोरड्या सुती फडक्यात बांधा, जवळ वेखंडाची पुरचुंडी ठेवा. पेटी भिंतीपासून दूर, विटांवर ठेवा, म्हणजे ओल आणि वाळवी लागणार नाही. प्रत्येकाचे छायाचित्र काढून घ्या. मूळ कागद अनोळखी माणसाच्या हाती देऊ नका. पाहायला द्यायचाच तर पोचपावती घ्या.

आणि सुट्टीत मुलगी घरी आली की तिला आजीजवळ बसवा. कागदावरचे नाव वाचायला मुलगी शिकेल. पण तो माणूस आपला कोण, हे आजीच सांगेल. दोघी एका ठिकाणी आहेत, तोवरच हे काम उरकून घ्या.