घुमतो तो नर, टोचतो तो गुंड?

कळंबोली : हौसेने कबुतरांची जोडी आणावी, गच्चीवर किंवा गॅलरीत पिंजरा ठेवावा आणि चार दिवसांतच एका पक्ष्याने दुसऱ्याच्या मानेची पिसे उपटून काढावीत, हा अनुभव नव्याने कबुतरे पाळणाऱ्या अनेक घरांना येतो. शांततेचा दूत मानला गेलेला पक्षी इतका निर्दय कसा, असा प्रश्न मग पडतो. त्यावर निकालही बहुधा घरातच लागतो. टोचणारा तो नर, मार खाणारी ती मादी. तेव्हा नराला कोणाला तरी देऊन टाका! हा निकाल अनेकदा चुकतो. टोचणारी मादी असू शकते, मार खाणारा नर असू शकतो आणि ज्याला भांडण समजले जाते, ती अंडी घालण्यापूर्वीची नित्याची धावपळही असू शकते. या चुकीची किंमत मात्र पिंजऱ्यातील दुबळ्या पक्ष्याला मोजावी लागते.

सिडकोने वसविलेल्या कळंबोलीसारख्या वसाहतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण येथे घरे आटोपशीर आणि मोकळी जागा मोजकी. प्रशस्त ढाबळीत हरलेले कबुतर उडून दुसऱ्या कोपऱ्यात जाते आणि भांडण तेथेच संपते. गॅलरीतील पिंजऱ्यात त्याला पळायला वाट नसते. त्यातच पावसाळ्यात दिवसेंदिवस पक्षी बाहेर सोडता येत नाहीत आणि एरवी टळणारी भांडणे जाळीच्या आत रोज घडू लागतात.

एका शास्त्रज्ञाची चूक

ही चूक मोठ्या अभ्यासकांच्या हातूनही घडली आहे. प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी पुढे नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले ऑस्ट्रियाचे कोनराड लॉरेन्झ यांनी १९४९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात असा प्रसंग नोंदविला आहे. त्यांनी होल्याचा एक नर आणि दुसऱ्या जातीच्या होल्याची एक मादी एका पिंजऱ्यात एकत्र ठेवली. सुरुवातीच्या किरकोळ झटापटीकडे त्यांनी लक्ष दिले नाही. दुसऱ्या दिवशी परत येऊन पाहतात तो नर तळाशी पडलेला, त्याची मान आणि पाठ सोलून निघालेली, आणि मादी अजूनही टोचतच होती. लांडग्यासारखे हिंस्र प्राणी शरण आलेल्याला सोडून देतात, पण होल्यांमध्ये असा आवर दिसत नाही, असा निष्कर्ष लॉरेन्झ यांनी काढला. मोकळ्या रानात त्याची गरजही पडत नाही, कारण हरलेला पक्षी क्षणात उडून जातो. त्याच १९४९ साली पॅरिसच्या शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकावर पिकासोचे कबुतर झळकले होते, हा योगायोगच म्हणायचा.

नर-मादीची ओळख

मोर किंवा कोंबड्याप्रमाणे कबुतरांत नर-मादी दिसण्यावरून सहज ओळखू येत नाहीत. सर्वसाधारणपणे नर थोडा थोराड, डोक्याने मोठा आणि मानेने जाड असतो. तो मान फुगवून घुमतो, गोल फिरतो आणि पसरलेली शेपटी जमिनीवर घासत मादीमागे चालतो. मादी तुलनेने सडपातळ आणि शांत असते. जोडीच्या प्रणयात ती आपली चोच नराच्या चोचीत घालून चाऱ्याची मागणी करते.

परंतु ही लक्षणे पक्की नाहीत. वरचढ मादीही घुमते, मान फुगवते आणि इतरांना हाकलते. उलट दबलेला नर महिनोन्महिने गप्प राहतो आणि मादी म्हणूनच वावरतो. वरचढ पक्षी काढून घेतल्यावर हीच 'मादी' घुमू लागते आणि पाळणारा चकित होतो. एका वेळच्या दोन अंड्यांतून एक नर आणि एक मादी निघते, हा समजही खरा नाही. पक्ष्यांमध्ये लिंग मातेच्या बीजांडावर ठरते आणि प्रत्येक अंड्याचा निर्णय स्वतंत्र असतो. त्यामुळे दोन्ही पिल्ले नर किंवा दोन्ही माद्या असू शकतात.

खात्रीचा पुरावा म्हणजे अंडे. मादी साधारण दोन दिवसांच्या अंतराने दोन अंडी घालते. एका घरट्यात चार अंडी दिसली आणि एकही उबले नाही, तर ती जोडी बहुधा दोन माद्यांची असते. एकटे कबुतर अंडे घालू लागले तरी आश्चर्य वाटू नये. एकट्या मादीला आरशातील स्वतःचे प्रतिबिंब दिसले तरी ती अंडी घालू शकते, असे ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ एल. हॅरिसन मॅथ्यूज यांनी १९३९ मध्येच दाखवून दिले होते. अंडी उबविण्याच्या पाळ्याही बोलक्या असतात. सकाळी उशिरापासून दुपार टळेपर्यंत नर बसतो, उरलेला दिवस आणि रात्र मादी बसते. घाई असेल तर पिसाचे मूळ किंवा रक्ताचा थेंब घेऊन डीएनए चाचणी करता येते. बहुतेक पक्ष्यांना लागू पडणारी अशी चाचणी रिचर्ड ग्रिफिथ्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केली. आज भारतातील प्रयोगशाळांतही ती होते.

प्रत्येक टोचणे म्हणजे छळ नव्हे

जोडी जमल्यानंतर, अंडी घालण्यापूर्वीच्या काही दिवसांत नर मादीची पाठ सोडत नाही. ती चारा खायला बसली तरी तो मागे लागतो, हलकेच टोचतो आणि तिला घरट्याकडे हाकत नेतो. तिला इतर नरांपासून दूर ठेवणे हाच त्यामागचा हेतू असतो. अंडी घातली की हा पाठलाग आपोआप थांबतो. या काळात घाबरून जोडी तोडणे चुकीचे ठरते.

खऱ्या छळाची चिन्हे वेगळी असतात. मार खाणारा पक्षी खाली उतरत नाही किंवा कोपऱ्यात तळाशी बसून राहतो. चाऱ्याच्या भांड्याजवळ त्याला फिरकू दिले जात नाही. त्याचे वजन घटते, छातीचे हाड हाताला लागते, डोक्याची किंवा मानेची पिसे जातात आणि कातडीवर रक्त दिसते. वाट चुकून दुसऱ्या जोडीच्या घरट्यात शिरलेल्या पिल्लाचे डोके टोचून रक्तबंबाळ केले जाते. अशा वेळी 'आपसात मिटेल' म्हणून थांबणे धोक्याचे असते.

कारण शोधले तर ते बहुधा स्वभावात नव्हे, मोजणीत सापडते. नर जास्त आणि माद्या कमी असल्या तर एकटा उरलेला नर जमलेल्या जोड्यांत शिरतो. घरट्याच्या जागा कमी असल्या तर प्रत्येक कोपऱ्यासाठी युद्ध होते. एका लहान पिंजऱ्यात दोन नर कोंडले तर दुबळ्याला सुटकाच नसते. आजारी पक्ष्याचे स्थान घसरते आणि कालपर्यंत दबून असलेलेही त्याला टोचू लागतात. म्हणून अचानक मार खाऊ लागलेल्या पक्ष्याची तब्येत आधी पाहावी.

काय करावे?

जखमी पक्षी त्याच दिवशी वेगळा करावा आणि पक्ष्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यकाला दाखवावा. जखम नसेल आणि एकच पक्षी सर्वांना त्रास देत असेल, तर मार खाणाऱ्याऐवजी त्यालाच काही दिवस बाजूला काढावे. परत आल्यावर त्याची जागा इतरांनी घेतलेली असते आणि त्याचा जोर ओसरतो. नर आणि माद्यांची संख्या समान ठेवावी. बसण्याच्या जागा पक्ष्यांपेक्षा जास्त असाव्यात. पिल्ले मोठी होण्याआधीच मादी पुन्हा अंडी घालते, त्यामुळे दर जोडीला घरट्याच्या दोन जागा द्याव्यात. चारा-पाण्याची भांडी एकाहून अधिक आणि दूर दूर ठेवावीत. नवी जोडी जमविताना आधी काही दिवस मध्ये जाळी असावी. दोघे जाळीला खेटून बसू लागले, की मगच ती काढावी.

पक्षी वाढू नयेत यासाठी ताजी अंडी काढून त्यांच्या जागी खोटी अंडी ठेवता येतात. गर्दी आटोक्यात राहिली की भांडणे कमी होतात आणि विष्ठाही. पिसांची धूळ आणि वाळलेली विष्ठा यांमुळे काहींना फुप्फुसाचा गंभीर आजार जडतो. म्हणून पिंजरा कोरडा न झाडता पाणी शिंपडून आणि तोंडाला मास्क बांधून साफ करावा. घरात दमेकरी असल्यास गॅलरीत कबुतरे ठेवूच नयेत.

एवढे करूनही एखादा पक्षी देऊन टाकावा लागला, तर आधी चार गोष्टी पाहाव्यात : अंडे कोणी घातले, दुपारी घरट्यात कोण बसते, चाऱ्याजवळ कोणाला फिरकू दिले जात नाही आणि पिंजऱ्यात जागा किती आहे. आठवडाभराच्या निरीक्षणात याची उत्तरे बहुधा मिळतात. न पाहता 'नर' म्हणून घालवलेला पक्षी मादी निघाला, तर मागे दोन नर उरतात आणि भांडण पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.