कॅम्पसमधलं झाड पावसात का पडतं?

आजचा एपिसोड कोडिंगवर नाही, झाडांवर आहे. म्हणजे तसा डीबगिंगवरच म्हणा ना.

दर पावसाळ्यात कुठल्या तरी कॉलेजात मोठं झाड आडवं होतं आणि सगळे म्हणतात, "वारा जोरात होता." वारा होताच हो. पण बऱ्याचदा बग आधीपासून जमिनीत असतो.

मुळं खूप खोल जातात असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक मुळं वरच्या दोन-तीन फुटांत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. आपण काय करतो? बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवतो, गाड्या लावतो, केबलसाठी चर खणतो. माती दबते, मुळं गुदमरतात, तुटतात. तरी पानं बराच काळ हिरवीच दिसतात. एरर उशिरा येतो!

दुसरं, लाइटिंगची तार. पानांत तयार झालेली साखर सालीच्या आतल्या थरातून मुळांपर्यंत उतरते. आवळलेली तार सालीत रुतली, की मुळांचा डबा बंद.

तिसरं, छाटणी. वायर आड येते म्हणून एकाच बाजूच्या फांद्या उडवल्या, की झाडाचा तोल जातो.

हे आत्ता का सांगतोय? मी जिथे बीटेक केलं, तिथल्या लायब्ररीसमोरच्या पर्जन्यवृक्षाचा फोटो परवा आमच्या ग्रुपवर आला. बुंध्याला चिकटून नवे कोरे ब्लॉक. आम्ही काही जणांनी पत्र दिलंय : निदान एक मीटर माती मोकळी करा. हा आकडा आमच्या मनचा नाही. दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिला होता.

महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा वृक्ष कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीनंतर 50 वर्षं किंवा त्याहून जुनं झाड 'हेरिटेज' ठरतं. झाड तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावायची. 60 वर्षांचं झाड, 60 रोपं. हिशोब बरोबर, पण ती सावली यायला पुन्हा काही दशकं!

म्हणून नवीन रोपासोबतच्या सेल्फीआधी जुन्या झाडाचा बुंधा बघा. माती मोकळी आहे का? तार, खिळे आहेत का? फोटो काढा आणि इस्टेट विभागाला लेखी कळवा. खिळे स्वतः उपटत बसू नका, ते माळीकाकांना विचारून. पाच मिनिटांचं काम आहे.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!